‘करमत नाही’ आणि समुपदेशक

आमची एक माजी विद्यार्थिनी आखाती देशातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. बी.ए.ला तिचे मराठी आणि मानसशास्त्र असे दोन्ही विषय होते. पुढे तिने मानसशास्त्रात एम.ए. केले. जुलैतल्या सुट्टीत ती गावी आली, तेव्हा आम्हाला भेटायला महाविद्यालयात आली होती. बोलता बोलता तिने विचारले, “मॅडम, ‘करमत नाही’ला इंग्रजीत काय म्हणाल?”

आम्ही तिघांनी तीन शब्द सुचवले. ‘बोअर’ म्हटल्यावर ती म्हणाली, हाताला काम असूनही करमत नसते. ‘होमसिक’ म्हटल्यावर ती म्हणाली, ज्या मुलाचा जन्मच तिकडचा, त्याचे ‘होम’ कोणते? ‘लोन्ली’ म्हटल्यावर तिने मान हलवली. चार मित्रांत बसूनही करमत नाही, असे मुले म्हणतातच. इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांना बोलावले, त्यांनीही हात टेकले. हा प्रश्न तिला का पडला, कोणत्या मुलामुळे पडला, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर न नेणे हा तिच्या व्यवसायाचा पहिला धर्म आहे. ती एवढेच म्हणाली की, नोंदवहीतले सगळे रकाने इंग्रजीत आहेत आणि हा शब्द कोणत्याच रकान्यात बसत नाही.

हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांचा आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून हे टिपण.

‘करमणे’ हे क्रियापद नीट पाहावे. ‘मी दुःखी आहे’ या वाक्यात ‘मी’ कर्ता आहे आणि दुःख ही त्याची ओळख झाली आहे. ‘मला करमत नाही’ या वाक्यात कर्ताच नाही. चतुर्थीतला ‘मला’ एका बाजूला, ‘इथे’ हे स्थळ दुसऱ्या बाजूला, आणि त्या दोहोंचे अजून जुळलेले नाही, एवढेच वाक्य सांगते. दोष मुलाचा नाही, जागेचाही नाही. शिवाय या क्रियापदात सुधारणेची वाट आहे: आज करमत नाही, उद्या करमू लागेल. हुरहूर, रुखरुख, तगमग, घालमेल, कोंडमारा हे शब्द आपण शब्दसंपत्तीची उदाहरणे म्हणून वर्गात सांगतो. वस्तुतः मनाच्या अवस्थांचे हे अतिशय बारीक वर्गीकरण आहे आणि ते पिढ्यानुपिढ्यांच्या वापरातून तयार झाले आहे.

आता त्या कामाविषयी थोडे. आपल्या शहरात ‘काउन्सेलिंग’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर प्रथम नीटनंतरच्या प्रवेशफेऱ्या येतात. आंतरराष्ट्रीय शाळांत या शब्दाखाली साधारणतः दोन वेगळी कामे मोडतात. एक समुपदेशक विद्यापीठांच्या प्रवेशाचे पाहतो. दुसरा मुलांच्या मनाचे. आमची विद्यार्थिनी दुसरे काम करते. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे सुचवते, आणि अमेरिकी धर्तीच्या शाळांत हा आकडा कसोटीसारखा वापरला जातो. या शाळांतील मुले सतत येत-जात असतात. वडिलांचा करार संपला की कुटुंब हलते. शिक्षकांचेही करार दोन-तीन वर्षांचे. मैत्री करावी आणि जून महिन्यात निरोप द्यावा, हे या मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. काही मुले पुढे मैत्री करणेच सोडून देतात.

अशा मुलांसाठी ‘थर्ड कल्चर किड्स’ ही संज्ञा रूढ आहे. आई-वडिलांची संस्कृती पहिली, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या फटीत स्थलांतरितांनी घडवलेली ती तिसरी. ही संज्ञा ज्यांच्या नावावर आहे त्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांना ती सुचली भारतातील अभ्यासातून. १९५०च्या दशकात त्या पतीसह येथे आल्या होत्या. येथे राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचे निरीक्षण त्यांनी केले आणि परदेशी शिकून परतलेल्या भारतीयांवर दोघांचे पुस्तकही १९५५ साली आले. म्हणजे आज परदेशातल्या मराठी मुलांना जी संज्ञा लावली जाते, तिचा उगम भारतात राहणाऱ्या परदेशी मुलांत आहे. आमचे म्हणणे असे की, ही संज्ञा पुन्हा एकदा भारतात, आणि तीही मराठवाड्यात, आणून तपासून पाहावी.

त्यासाठी ‘कोसला’कडे वळू. १९६३ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी लिहिणारे भालचंद्र नेमाडे पुढे आपल्याच शहरातील विद्यापीठात शिकवत होते आणि लंडनलाही त्यांनी अध्यापन केले. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग पुण्याच्या वसतिगृहात येतो. बापाचे पैसे उडवतो, पुढाऱ्यासारखा वावरतो, नापास होतो, घरी परततो. मधल्या काळात त्याची धाकटी बहीण मनी जाते. या कादंबरीतील ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द आपण निवेदनशैलीचे विशेष म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हेच शब्द समुपदेशकाच्या कानाने ऐकले तर वेगळे काही दिसते. जिथे बोलणे असह्य होईल तिथे पांडुरंग ‘वगैरे’ म्हणतो आणि दार लोटून घेतो. परदेशी शाळेतले मूल समुपदेशकासमोर बसून ‘आय अ‍ॅम फाइन’ म्हणते, ते याच जातीचे उत्तर आहे. त्या ‘फाइन’च्या मागे थांबून राहायचे कसे, हे तिला अभ्यासक्रमातल्या तंत्रांनी शिकवलेच; पण तिचे स्वतःचे म्हणणे असे की, ‘वगैरे’वर चाललेल्या वर्गातल्या वादाने तिला ते आधी शिकवले होते.

हे ऐकून आम्हाला बरे वाटले हे खरे, आणि लगेच एक जुनी गोष्ट आठवून ते बरे वाटणे ओसरले. काही वर्षांपूर्वी कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा द्वितीय वर्षाला होता. एकदा तास संपल्यावर तो आमच्यापैकी एकाजवळ येऊन म्हणाला, “सर, इथं करमंना.” त्याला सांगितले गेले ते असे: ग्रंथालयात बसत जा, मित्र जोड, स्पर्धा परीक्षेचे बघ, आई-वडील काबाडकष्ट करून पाठवतात, हळूहळू करमेल. तो “हो सर” म्हणाला. दिवाळीनंतर तो परत आला नाही. त्याच्या जाण्याला आमचा उपदेश कारणीभूत झाला असे आम्ही म्हणत नाही. घरची अडचणही असू शकेल. पण त्याच सत्रात आम्ही ‘कोसला’ शिकवत होतो. पांडुरंगाच्या परात्मतेवर फळाभर लिहिले, आणि समोर उभ्या असलेल्या मुलाचे “हो सर” आम्हाला होकार वाटले. तेही एक ‘वगैरे’च होते.

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, हा मराठीचा एक अडचणीचा योगायोग. या कामाचे पहिले पथ्यच उपदेश न करणे हे आहे. आपली अध्यापकीय परंपरा मात्र उपदेशावर पोसलेली. ‘हळूहळू करमेल’ हे वाक्य खरे असते, तरीही ते फार लवकर उच्चारले की समोरच्याचे बोलणे संपवते.

आता तुलना करावी. परदेशी शाळेतले मूल दोन-तीन वर्षांनी देश बदलते, म्हणून त्याच्यासाठी संज्ञा आहे, पुस्तके आहेत, पगारी समुपदेशक आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचे मूल दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आई-बापांसोबत कारखान्याच्या परिसरात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. त्याची शाळा सुटते, भाषेचा हेल बदलतो, मित्र बदलतात. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची शासकीय योजना आहे. तिथे जेवणाची, निवाऱ्याची सोय होते. आई सहा महिने दिसणार नाही, या गोष्टीविषयी त्या मुलाशी कोण बोलते? दोन मुलांच्या दुःखांची तोलामोलाने मोजदाद आम्हाला करायची नाही. आखातातल्या मुलाचे न करमणेही खरेच आहे. पण स्थलांतराने मुलाच्या मनावर ताण येतो हे जर शास्त्र असेल, तर ते विमानाच्या प्रवासाला लागू आणि ट्रकच्या प्रवासाला गैरलागू असे असू शकत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यांत आहे. आमच्यासारखी बहुतेक महाविद्यालये या आकड्यात बसतात. नेमणुका कागदावर होतीलही. प्रश्न असा की, त्या खोलीत कोणती भाषा बोलली जाईल? इंग्रजी पुस्तकांतून शिकलेला समुपदेशक आणि ‘जीव लागंना’ म्हणणारी मुलगी यांच्यामध्ये दुभाषा कोण?

आमची सूचना साधी आहे. मराठी आणि मानसशास्त्र या विभागांनी एकत्र बसावे. समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांनी ‘कोसला’ वाचावी, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचावी, आणि मराठवाड्याच्या बोलीतील मनाचे शब्द गोळा करावेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी ऐकण्याचे प्राथमिक शिक्षण घ्यावे. यावर दोन आक्षेप येतील. पहिला, साहित्य हे औषध नव्हे. मान्य, कादंबरीने आजार बरा होतो असा आमचा दावा नाही, आणि मराठीच्या अध्यापकाने समुपदेशकाची खुर्ची बळकावू नये हेही आम्ही जाणतो. ज्याला उपचारांची गरज आहे त्याला तज्ज्ञाकडेच पाठवले पाहिजे. पण पाठवण्याआधी ओळखावे लागते, आणि ओळख भाषेतून होते. दुसरा आक्षेप, साहित्याला असे कामाला जुंपणे म्हणजे त्याची कलात्मकता नाकारणे. आम्हाला तसे वाटत नाही. ‘वगैरे’ या शब्दाचे कार्य ज्याला कळले, त्याला कादंबरीही अधिकच कळली.

आंतरराष्ट्रीय शाळांकडून घेण्यासारखी एक गोष्ट शेवटी नोंदवतो. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविका अभ्यासक्रमात, शाळेत शिक्षक नसलेल्या भाषेतील साहित्यही विद्यार्थ्याला स्वयंअध्ययनाने अभ्यासता यावे अशी तरतूद आहे. घरापासून दूर असलेल्या मुलाला त्याच्या भाषेतले साहित्य हवे, हे तिथे गृहीत धरले आहे. इथे मात्र मराठी घेऊन पुढे काय करणार, हा प्रश्न प्रवेशाच्या खिडकीपाशीच विचारला जातो.

निघताना विद्यार्थिनीला आम्ही विचारले, मग त्या रकान्यात तू काय लिहिलेस? ती म्हणाली, “‘करमत नाही’ असंच लिहिलं, सर. देवनागरीत. आणि खाली चार ओळींत इंग्रजीतून समजावलं.” त्या चार ओळी लिहिता येणारा माणूस आपल्या महाविद्यालयांतून तयार व्हावा, एवढेच आमचे मागणे आहे.