तू धाडलंस म्हणान

७ मे २०२४. भर दुपार. पेडणे तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात माझी ८० वर्षांची मावशी मतदानाच्या रांगेत उभी होती. हातात छत्री, पिशवीत पाण्याची बाटली आणि आधार कार्ड. मतदार यादीत तिचं नाव नव्हतं. मधली दोन वर्षं ती लेकीकडे म्हापशाला राहिली, तेव्हा कधीतरी ते वगळलं गेलं असावं. हे तिला आदल्याच दिवशी कळलं होतं. तरी ती गेली. टेबलामागच्या मास्तरांसमोर आधार ठेवून म्हणाली, "माका चॅलेंज व्होट घालूचा आसा." मास्तर गडबडले. मग त्यांनी तिला खुर्ची दिली, समजावून सांगितलं आणि परत पाठवलं. संध्याकाळी मी वास्कोहून फोन केला तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तू धाडलंस म्हणान मी गेलंय."

धाडलं होतं खरं. व्हॉट्सअॅपवरचा निरोप होता. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा. तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तर टेंडर व्होट मागा. टेंडर मतं १४ टक्क्यांच्या वर गेली तर त्या केंद्रावर फेरमतदान होतं. खाली तीन जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'. २०१९ च्या निवडणुकीतही तो असाच फिरला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासणाऱ्या माणसाने तो घरच्या ग्रुपवर पुढे ढकलला, तोही दात घासता घासता.

नंतर शोधलं तर सगळं चार मिनिटांत सापडलं. यादीत नाव नसेल तर मत नाही. आधार दाखवा, नाहीतर पासपोर्ट. चॅलेंज मतदार करतच नाही. केंद्रात बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी समोरच्या मतदाराच्या ओळखीला हरकत घेतो आणि त्यासाठी २ रुपये भरतो, त्याला चॅलेंज म्हणतात. टेंडर मत मात्र खरं आहे. आपल्या नावावर आधीच मत पडलेलं असेल तर छापील मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या लखोट्यात जाते. १४ टक्क्यांचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. अशा बातम्यांसाठी निवडणूक आयोगाने एप्रिलमध्येच 'मिथ व्हर्सेस रिअॅलिटी' नावाची नोंदवही संकेतस्थळावर उघडली होती. मी ती पाहिली नाही, कारण पाहावीशीच वाटली नाही. निरोप कुठल्या पक्षाचा नव्हता, कुणाला शिवी नव्हती, उलट लोकांना हक्क मिळवून देणारा होता. विरोधी पक्षाचा असता तर चष्मा लावून वाचला असता.

या अंकाच्या संपादकीयाला विषय शोधावा लागला नाही तो यामुळे. २०२४ च्या दिवाळीत हा अंक निघाला तेव्हा अमेरिकेतलं अध्यक्षपदाचं मतदान चार-पाच दिवसांवर होतं. आमच्या घरातही ती निवडणूक जोरात होती. एक भाचा न्यू जर्सीत, एक पुतण्या ह्यूस्टनला. एकाला ट्रंप नको, दुसऱ्याला हॅरिस नको. १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात ट्रंप आणि हॅरिस यांचा जाहीर वाद रंगला. स्थलांतरित लोक ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, असं ट्रंप म्हणाले. सूत्रसंचालक डेव्हिड म्यूर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की नगर प्रशासनाकडे अशी कोणतीही विश्वसनीय तक्रार नाही. पुढे त्या गावात शाळांना आणि सरकारी कचेऱ्यांना बाँबच्या धमक्या आल्या. मूळ शोधत गेलेल्यांना सापडली ती फेसबुकवरची एका बाईची नोंद. तिला शेजारणीने सांगितलेलं, शेजारणीला आणखी कोणी. आपल्याकडे बाजारातल्या तिंट्यावर याला बातमी म्हणत नाहीत, गजाल म्हणतात, आणि ती गजाल म्हणूनच ऐकतात.

भाच्याने ट्रंप यांच्या विधानांची पडताळणी मला रात्रीच पाठवली. पुतण्याने दुसऱ्या दिवशी हॅरिसबाईंच्या विधानांची पाठवली. दोघांचे कागद चोख असतात. आकडे, तारखा, दुवे सगळं. दोघांनी मिळून एकमेकांची अख्खी बाजू तपासून काढली आहे. स्वतःची बाजू तपासलेली मात्र अजून एकाकडूनही आलेली नाही. भांडण नको म्हणून मी दोघांना अंगठा दाखवतो, म्हणजे तो मोबाइलवरचा.

लांब कशाला जा? एप्रिलमध्ये दक्षिण गोव्यातले काँग्रेसचे उमेदवार विरियातो फर्नांडिस यांच्या भाषणातला एक तुकडा देशभर फिरला. मुक्तीनंतर राज्यघटना गोव्यावर लादली गेली, अशा अर्थाचा. पंतप्रधानांनीही आपल्या प्रचारसभेत त्याचा समाचार घेतला. ते वाक्य बनावट नव्हतं, उमेदवार बोललेच होते. मागचापुढचा संदर्भ दुहेरी नागरिकत्वाच्या जुन्या प्रश्नाचा होता, असं त्यांचं म्हणणं. वास्कोत त्या आठवड्यात या विषयावर ठाम मत नसलेला माणूस मला भेटला नाही. पूर्ण भाषण ऐकलेलाही भेटला नाही. मीसुद्धा तेवीसेक सेकंदच ऐकले होते. फर्नांडिस पुढे १३,५३५ मतांनी निवडून आले. तरीही ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत किती जणांनी ऐकलं, हा प्रश्न आहे तिथेच आहे.

आता जरा अवघड जागी येतो.

अख्ख्या मुलखापुढे दोनच पर्याय आणि घरटी एकच वाद, अशी निवडणूक गोव्याने एकदा पाहिली आहे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. विरोधकांच्या आग्रहावरून मुख्यमंत्री बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. पहिल्या फेऱ्यांत फूल पुढे होतं. मग सासष्टी बोलू लागली. शेवटी पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलाची. आमचं घरही फुलाचं. वडील मूळ डिचोलीचे, मुरगाव बंदरात कारकून. मावशी तेव्हा पेडण्यात नवी सून होती. तिने आयुष्यातलं पहिलं मत फुलाला दिलं आणि ते आजही ती अभिमानाने सांगते.

मराठी वाचकाला, विशेषतः माझ्यासारख्या फुलाच्या घरातल्या, या कथेचा एक भाग तोंडपाठ असतो. पानवाल्यांनी काय काय अफवा उठवल्या? महाराष्ट्राची दारूबंदी येणार आणि माडी काढणारे रेंदेर उपाशी मरणार. नोकऱ्या सगळ्या घाटावरचे नेणार. गोव्याचा जिल्हा होणार आणि कलेक्टर पुण्याहून येणार. हे आम्ही साठ वर्षं उगाळत आलो. पण मावशीला परवा विचारलं की तुझ्या गावात फुलाची माणसं काय सांगत होती, तर ती सहज म्हणाली, "पानार शिक्को मारल्यार पाखले परत येतले. भाटकार जमिनी काढून घेतले." पोर्तुगीज जाऊन पाच वर्षं झाली होती आणि कूळ कायदा १९६४ मध्येच झाला होता. ज्या बाईच्या सासऱ्याने भाटकाराच्या माडांखाली जन्म काढला तिला मात्र ती अफवा वाटली नाही, इशारा वाटला. रेंदेरालाही दारूबंदीची गोष्ट इशाराच वाटली असणार. भीती खरी असली की तिच्या पाठीवर बसून खोटं कुठेही जातं. हे दोन्हीकडे झालं. आम्ही मोजलं ते एकाच बाजूचं.

आणखी एक गोष्ट आम्ही फारशी बोलत नाही. विलीनीकरणाविरुद्धची सगळ्यांत धारदार लेखणी मराठीतच चालत होती. मडगावचा 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होता. संपादक चंद्रकांत केणी, आणि उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर. आमच्या घरी पणजीचा 'गोमन्तक' यायचा. 'राष्ट्रमत' घरात आणायची प्राज्ञा नव्हती, आजोबांनी तो चुलीत घातला असता. वडील तो सलूनमध्ये वाचायचे. त्या डिसेंबरात ते आठवड्यातून तीनदा दाढीला जाऊ लागले, हे माझ्या आईच्या लक्षात आलं होतं. घरी आले की खिशातली बोटभर पेन्सिल काढून ते 'गोमन्तक'च्या समासात प्रश्नचिन्हं काढत. दुसऱ्याच्या पेपरावर नाही, आपल्याच. मी आठ वर्षांचा होतो, मला ती कोड्याची खूण वाटायची. मत त्यांनी शेवटी फुलालाच दिलं. दोन-तीन महिन्यांत विधानसभेच्या निवडणुकीत कौल हरलेला बांदोडकरांचा मगो पक्ष ३० पैकी १६ जागा जिंकून परत सत्तेवर आला. तेव्हा वडिलांनी पेढे वाटले नाहीत, नुसतेच हसले, असं आई सांगायची.

पडताळणी सरकारने करावी असं हल्ली पुष्कळांना वाटतं. आमच्या मुरगावला त्याचा अनुभव आहे. ९ मार्च १९४३ च्या पहाटे बंदरात उभ्या असलेल्या 'एहरनफेल्स' आणि आणखी तीन जर्मन-इटालियन बोटी पेटल्या. बातमी अशी आली की खलाशांनीच त्या जाळल्या. ते पुष्कळसं खरंही होतं, म्हणूनच टिकलं. वगळलं होतं ते एवढंच की त्या रात्री 'फीबी' नावाच्या बार्जमधून कलकत्ता लाइट हॉर्सची पोक्त वयाची हौशी मंडळी एहरनफेल्सवर चढली होती. ते जगासमोर आलं १९७८ मध्ये, जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून. म्हणजे ३५ वर्षांनी. मग सिनेमा निघाला, आणि आता आमच्या मुलांना सिनेमाच इतिहास वाटतो.

पोर्तुगीज अमलात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या अध्यक्षपदाला हुंबेर्तु देल्गादु उभे राहिले. निवडून आलो तर पंतप्रधान सालाझारना घरी पाठवीन, असं ते उघड म्हणाले. सरकारी मोजणीत त्यांना चौथाईच्या आसपास मतं निघाली आणि पुढच्याच वर्षी अध्यक्षाची थेट निवडणूकच मोडीत निघाली. अशा काळात खरं कळायचं ते आंबोलीच्या रानातून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ ला तिथून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू केला, आणि इकडे पेडण्यात लोक रेडिओला कान लावून बसू लागले.

म्हणून २०२४ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मला दिलासा देणारा वाटला. सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. २०२४ च्या जानेवारीत दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. २० सप्टेंबरला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. सरकारला खुलासा करायला कोणी अडवलेलं नाही. शिक्का तेवढा त्यांच्या हाती नसावा. 'खाणी येत्या मोसमात सुरू' ही बातमी डिचोलीत २०१२ पासून दर निवडणुकीला निघते. तिच्यावर खरी-खोटीचा शिक्का कुठल्या सरकारने मारला असता, सांगा.

असो. दिवाळी आहे. परवा वाड्यावरची मुलं नरकासुरासाठी रद्दी मागायला आली, त्यांना मे-जूनचे गठ्ठे दिले. काल पाहिलं तर असुराच्या पोटावर खळ लावून १ जूनचे लोकसभेचे एक्झिट पोल चिकटवलेले. सत्ताधारी आघाडीला साडेतीनशे, पावणेचारशे, कुठे चारशेच्या वर. ४ जूनला प्रत्यक्षात २९३ निघाले होते. मुलांना त्याचं काही नाही, त्यांना पान मोठं हवं होतं. चतुर्दशीच्या पहाटे ते सगळं एकदम पेटेल आणि आम्ही कारीट फोडून फोव खायला बसू.

या अंकातले लेख आम्ही तपासले आहेत. दोन लेख तपासताना गळले. त्यातला एक माझ्या आवडत्या मताचा होता, म्हणून तो गाळायला तीन आठवडे लागले. तरीही चूक सापडली तर कळवा, पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.

मावशीचं नाव पुन्हा घालायचं काम मी अंगावर घेतलंय. गेल्या रविवारी नमुना ६ घेऊन पेडण्याला गेलो. नाव, पत्ता, फोटो झाला. जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबलो. आधारवर १ जानेवारी १९४४. तिच्या पिढीतला अर्धा गाव १ जानेवारीला जन्मला आहे.

"मावशे, खरी तारीख कुठली?"

"चवथीच्या आदल्या दिसा. आवय सांगी. माटोळी बांधता बांधता पोटात दुखाक लागला."

"मग ही जानेवारी कुणी घातली?"

"मास्तरान. शाळेत घालतल्या वेळार." तिने कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं, मग माझ्यापुढे सरकवलं. "हांगा छापलेला आसा मरे? तांच घाल."

मी १ जानेवारी लिहिलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.