फुलून गेलेल्या शेवंतीचे काय करायचे?

दसऱ्यापासून मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारापर्यंत शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये शेवंतीची चलती असते. पिवळी, पांढरी, तांबूस, जांभळट अशी कळ्यांनी गच्च भरलेली कुंडी घरी येते, महिना-दीड महिना गॅलरी उजळते आणि जानेवारी सरता सरता कचऱ्याच्या डब्याशेजारी जाऊन पडते. घेणाऱ्याला त्याचे फारसे वाईटही वाटत नाही. हे झाड फुलांपुरतेच असते असे त्याने धरून चाललेले असते, आणि विकणाऱ्याला तो समज खोडून काढण्याचे काही कारण नसते. झेंडूच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. झेंडू हंगामी, बी धरले की त्याचे काम संपले. शेवंतीच्या बाबतीत तो साफ चुकतो. शेवंती बहुवर्षायू आहे, आणि आपण ती मेली असे समजून फेकतो त्याच सुमारास तिच्या बुंध्याशी पुढच्या वर्षाची झाडे मातीतून वर येत असतात. म्हणून घरात शेवंती हवी असेल तर ती दरवर्षी विकत आणू नये, काडी लावून राखावी, असे माझे मत आहे. त्यात पैसे वाचतात हा भाग गौण; मुख्य म्हणजे हे झाड टिकते ते असेच.

शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. अहिल्यानगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत राजा, झिप्री, सोनाली तारा अशा जातींची शेवंती वर्षानुवर्षे काश्यांवर चालत आली आहे. तोडा संपला की झाडे जमिनीलगत छाटायची, खतपाणी द्यायचे, आणि बुंध्याभोवती जमिनीतून जे फुटवे येतात, त्या काश्या सोडवून एप्रिल-मेमध्ये नव्या रानात लावायच्या. आता पुष्कळजण ट्रेमधली तयार रोपे आणतात. पण ती रोपेही कुणीतरी काडीपासूनच केलेली असतात. याला कारण आहे. शेवंतीला बी येते, ते उगवतेही, पण त्यातून आईसारखे झाड निघत नाही. बागेतल्या शेवंतीत गुणसूत्रांचे साधारणपणे सहा संच असतात, आणि बहुतेक जाती स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवी सरमिसळ. आवडलेला रंग, पाकळ्यांची ठेवण, वास जसाच्या तसा हवा असेल तर त्या झाडाचाच तुकडा लावावा लागतो. याचा दुसरा अर्थ असा, की नावाने ओळखली जाणारी शेवंतीची कोणतीही जात जिवंत आहे ती दरवर्षी कुणीतरी तिची काडी लावत आले म्हणून. संशोधन संस्था काही जाती सांभाळतात, पण त्यांच्याकडे सगळेच असणार नाही. बाजार तर सांभाळणारच नाही. बाजाराला प्रवासात न मोडणारे देठ हवेत आणि पंधरा दिवस न कोमेजणारे फूल हवे. वेणीत माळल्यावर दरवळणारी बारीक शेवंती त्याच्या मोजमापात बसत नाही. तिला जागा उरते ती परसात आणि गॅलरीत.

यावर नेहमीचे उत्तर येते ते अनुभवाचे असते: ठेवून पाहिली, पण दुसऱ्या वर्षी तशी आलीच नाही, उंच वाढून आडवी पडली, फुले आली ती चारच. तक्रार खरी आहे. तिचे मूळ मात्र पहिल्या वर्षीच्या कुंडीत आहे. दुकानातली घुमटासारखी भरगच्च शेवंती म्हणजे बहुधा एक झाड नसतेच. एकाच कुंडीत चार-पाच काड्या शेजारी-शेजारी लावून ती भरलेली असते. त्यांचा शेंडा ठरल्या दिवशी खुडलेला असतो, रात्रीचे दिवे आणि दिवसाचे काळे कापड वापरून फुलण्याची तारीख साधलेली असते, आणि उंची आवरायला डॅमिनोझाइडसारखे वाढरोधक फवारलेले असते. फवाऱ्याचा अंमल उतरला की झाड आपल्या मूळ उंचीवर जाते. म्हणजे दुसऱ्या वर्षी दिसते तीच खरी शेवंती. शिवाय बहुतेकजण जुने झाड तसेच ठेवून बसतात, काडी लावत नाहीत. जुना बुंधा वर्षागणिक लाकडी होत जातो, फुटव्यांची गर्दी होते, फूल बारीक पडते. शेवंती राखायची म्हणजे जुने झाड जपायचे नसते. दरवर्षी त्याच्यापासून नवे करायचे आणि जुने मोकळ्या मनाने खताच्या खड्ड्यात घालायचे.

कृती अवघड नाही, फक्त वेळापत्रक आपले हवे. फुले संपली की झाड वीतभर ठेवून कापावे आणि थोडे शेणखत द्यावे. नव्या फुटव्यांचे शेंडे मार्च ते जूनपर्यंत कधीही घेता येतात: दोन-अडीच इंचांची कोवळी काडी, पेराच्या खाली स्वच्छ कापलेली, खालची पाने काढलेली. धुतलेल्या जाड वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीला ठेवली, ओल राखली, तर साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. मुळे फुटण्यासाठीची पावडर नसली तरी अडत नाही. पुढचा प्रश्न फुलण्याचा. शेवंती लांब रात्रीत कळ्या धरते, हे सगळे सांगतात. पण परदेशी पुस्तकांतले कोष्टक इथे जसेच्या तसे चालत नाही. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो, तेव्हा तिथे कळी धरण्याचा प्रश्नच येत नाही. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. त्यामुळे आपल्याकडे काही जाती भर उन्हाळ्यातही अवेळी कळी दाखवतात आणि तिथेच खुंटतात. यावर उपाय शेंडा खुडण्याचा. काडी जोम धरू लागली की एकदा, पावसाळ्यात पुन्हा, आणि ऑगस्टअखेर हात आवरायचा. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू दिले तर मात्र बाकीची सगळी मेहनत वाया जाते. शेवंती तहानेपेक्षा तुंबलेल्या पाण्याने अधिक मरते. आणि गॅलरीवर रात्रभर रस्त्यावरचा प्रखर दिवा पडत असेल तर जागा बदलावी. दिवस लहान झाला की मोठा हे शेवंतीची पाने ओळखतात, शेंडा नव्हे, असे सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखवले होते. पानांवर रात्री उजेड राहिला तर त्यांच्या लेखी उन्हाळा संपलेलाच नसतो.

काडीविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप रोगाचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काडीबरोबर आईचा रंग येतो तसा आईचा आजारही येतो. शेवंतीला खुजे करून टाकणारा एक विषाणूसदृश घटक, ज्याला व्हायरॉइड म्हणतात, कापण्याच्या पात्यावरूनही एका झाडातून दुसऱ्यात जातो. फवारणीने तो बरा होत नाही. म्हणून मोठ्या रोपवाटिका तपासलेली मातृझाडे वेगळी ठेवतात. घरी तेवढे जमणार नाही, पण निम्मे काम निवडीने होते. सर्वांत चांगल्या झाडाचीच काडी घ्यायची, खुरटलेल्या किंवा चट्टेदार पानांच्या झाडाची ‘तेवढीच उरली’ म्हणूनही घ्यायची नाही, आणि प्रत्येक झाडानंतर पाते पुसायचे. काशीपेक्षा शेंड्याची काडी बरी म्हणतो ते याचसाठी. जमिनीतली मूळकूज तिच्याबरोबर येत नाही. दोन-चार वर्षांत एखादी जात हातची गेलीच, तरी शेजाऱ्याला दिलेली काडी परत मिळू शकते. घरगुती लागवडीचा खरा विमा हाच आहे.

जागा नाही, ऊन नाही, ही अडचण काहींची खरी आहे. चार-पाच तासांचे ऊन नसेल त्या गॅलरीत शेवंती लावूच नये, तिथे फुलांची कुंडी विकत आणणेच शहाणपणाचे. सगळ्यांनी काड्या लावल्या तर फुलशेती करणाऱ्यांचे काय, ही भीती मात्र फोल वाटते. गुलटेकडीला किंवा दादरला जी शेवंती उतरते ती सुट्या फुलांची, हारांची, पूजेची. घरच्या आठ कुंड्यांनी त्या मागणीला ओरखडाही उठत नाही. फटका बसलाच तर तो दरवर्षी तीच कुंडी विकण्याच्या सवयीला बसेल. कायद्याचा मुद्दाही कुणी काढतो. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याने नवी जात काढणाऱ्याला तिच्या उत्पादनाचे आणि विक्रीचे हक्क दिले आहेत, शेतकऱ्याला बियाणे राखण्याचे आणि देवघेवीचेही दिले आहेत. नोंदणी झालेल्या जातीची रोपे करून विकायला बसणे हा धंदा झाला, तिथे परवानगी विचारलीच पाहिजे. गच्चीवरच्या चार काड्यांना त्याच तराजूत घालणे ताणल्यासारखे होईल.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे शेवंती प्रदर्शन डिसेंबरात भरते, चंडीगडचेही. शेंडा खुडावा लागत नाही, आधार द्यावा लागत नाही अशा बुटक्या जाती लखनौच्या संस्थेने काढल्या आहेत. गॅलरीसाठी त्या नेमक्या सोयीच्या आणि वाढरोधकाची गरज संपवणाऱ्या. आपल्याकडे पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत असते, मुंबईत राणीच्या बागेतले फेब्रुवारीच्या सुमारास. म्हणजे शेवंतीचा बहर उतरून काश्या फुटण्याचा तोच हंगाम. तिथे बक्षिसाच्या कुंड्यांशेजारी एक टेबल काश्यांच्या देवाणघेवाणीसाठी मांडायला आयोजकांना काहीच जड जाऊ नये. रोपवाटिकांकडे मागणे याहून लहान आहे: कुंडीवर ‘शेवंती, पिवळी’ एवढेच न लिहिता जातीचे नाव आणि तिची नैसर्गिक उंची लिहावी. घेणाऱ्याला पुढच्या वर्षी काय वाढणार आहे ते आधीच कळेल, आणि झाड उंच गेले म्हणून ते फेकून देण्याआधी तो चिठ्ठी पाहील.