चावीतला नंबर आणि कारागिराची रोजी

मोटारीची चावी म्हणजे लोखंडाचा दातेरी तुकडा, ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात चावीवाला कानस घेऊन बसे, नमुना पाहून दाते घाशी आणि गाडी सुरू होई. आज तशीच घासलेली चावी नव्या गाडीचे दार उघडते, कुलपात फिरतेही. पण इंजिन चालू होत नाही. गिऱ्हाईक म्हणते, कारागिराला काम येत नाही. वास्तविक हात तोच आहे, हुनर तेच आहे. चावी बदलली आहे.

नव्या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. रिमोटची बॅटरी ही वेगळी गोष्ट. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चावी फिरवली की त्यातून साधारण 125 किलोहर्ट्झच्या लहरी निघतात व त्यांच्याच जोरावर चिप जागी होऊन आपला नंबर सांगते. गाडीतला कॉम्प्युटर तो ताडून पाहतो. जुळला तर इंधन आणि ठिणगी सुरू, नाही तर बंद. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडेही आता ती सर्रास दिसते.

नक्कल करण्याच्या रीती दोन. पहिलीत जुन्या चिपचा नंबर मशीनने वाचून कोऱ्या चिपवर उतरवतात; गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. दुसरीत गाडीच्या डॅशबोर्डखालील सॉकेटला मशीन जोडून नव्या चावीचे नाव गाडीच्या वहीत चढवतात. या रीतीने हरवलेल्या चावीचे नाव खोडताही येते. काही चिप नुसता नंबर सांगत नाहीत, तर गाडीने दर वेळी विचारलेल्या नव्या सवालाचा गुप्त हिशेबाने जवाब देतात. त्यांचे काम अवघड, परंतु अशक्य नाही.

माझे म्हणणे असे की, हे काम केवळ कंपनीच्या वर्कशॉपवर सोडून देऊ नये. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील चावीवाल्यांनी ते शिकलेच पाहिजे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत कुलूप-चावीचे काम आहे. तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम 20 सप्टेंबर 2024 रोजी आपल्या वर्ध्यातच झाला. तीत प्रशिक्षण, औजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचे कूपन आणि 5 टक्के दराने 3 लाखांपर्यंत कर्ज आहे. व्याज ज्यांना नको, त्यांनी प्रशिक्षण आणि कूपन तरी घ्यावे, आणि दोघा-चौघांनी शिरकतीत एक मशीन आणावे. प्रशिक्षण कानस-हातोड्यावरच थांबू नये, चिपच्या चावीचे कामही त्यात पुरेपूर शिकवावे, ही मागणी आपण एकजुटीने केली पाहिजे.

मात्र मशीन हातात आले की जबाबदारीही येते. चिपची नक्कल करणारा हात चोराच्याही कामाचा असतो. एक गाडी चोरीस गेली तर संशय प्रथम चावीवाल्यावर जातो, आणि एका माणसाची बदनामी साऱ्या मोहल्ल्याच्या वाट्याला येते. म्हणून आरसी आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय चावी करू नये. गाडीचा नंबर, मालकाचे नाव, तारीख आणि सही वहीत घ्यावी. त्या वहीपेक्षा मजबूत कुलूप नाही. हिजरी सन 8 मध्ये मक्का विजयानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काबागृहाची चावी उस्मान बिन तलहा (रजि.) यांच्याच हाती परत दिली, हा प्रसंग आपण जाणतो. चावी ही अमानत आहे.

व्यापारी बांधवांनाही एक सूचना. मालवाहू गाडीची एकच चावी ठेवू नका. एक चालती असतानाच दुसरी करणे सोपे आणि स्वस्त पडते. सर्वच हरवल्या तर खर्च कितीतरी वाढतो. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते, हेही ध्यानात ठेवा. आणि हे काम आपल्या गावच्या शिकलेल्या, वही ठेवणाऱ्या कारागिराकडे द्या. त्याची रोजी टिकली तर आपलाच बाजार टिकेल.