अक्षराचा धर्म

परतवाडा हे सातपुड्याच्या पायथ्याचे बाजाराचे गाव. मेळघाटातील कोरकू बांधव बाजारहाटासाठी, औषधपाण्यासाठी येथे येतात. त्यांच्यापैकी कित्येकांची मातृभाषा कोरकू. देवनागरीशी त्यांची ओळख झाली ती शाळेत किंवा साक्षरता-वर्गात. असा एखादा नवा वाचक एस. टी. गाडीवरची पाटी वाचू लागतो. पाटी रंगविणाऱ्याने अक्षरे फार जाड आणि दाटीने काढलेली असतात. ‘ध’च्या डोक्यावरची एवढीशी फट बुजते आणि ‘धारणी’ची ‘घारणी’ होते. वाचणारा गोंधळतो, लोक त्याच्या अडाणीपणाला हसतात. पण येथे चूक वाचणाराची नाही, अक्षराची आहे. वाचले जाणे हाच अक्षराचा पहिला धर्म होय, आणि त्या धर्माला ते येथे चुकले आहे.

हा धर्म आपल्या पूर्वजांनी मोठ्या कष्टाने सांभाळला. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे कित्येक शतके मराठी ग्रंथ हातांनीच उतरवून घेतले जात. बोरूचे टोक तिरपे कापलेले असे. त्यामुळे एका दिशेची रेघ जाड, तर दुसऱ्या दिशेची बारीक उमटे. छापील देवनागरी अक्षरातील जाडबारीकपणा या बोरूकडूनच आला. युरोपातही असेच घडले. जर्मनीत योहान गुटेनबर्ग याने १४५५ च्या सुमारास बायबल छापले, तेव्हा तिकडच्या लेखनिकांचे दाट, काळेभोर वळण त्याने उचलले. पुढे १४७० साली इटलीतील व्हेनिस येथे निकोला जेन्सन याने मोकळी, गोलसर अक्षरे घडविली. आजच्या इंग्रजी पुस्तकांतील अक्षरे बहुधा याच कुळातील असतात. डोळ्यांना जे सुखकर, तेच वळण टिकले.

मराठीचे काम याहून बिकट होते. रोमन अक्षरे तळरेघेवर उभी राहतात. आपली अक्षरे शिरोरेघेला लोंबकळतात. वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे! एका अक्षरासाठी आधी पोलादाचा ठसा कोरावा, तो तांब्यावर ठोकून साचा करावा, आणि त्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळा पाडावा. असे शेकडो निरनिराळे खिळे तयार होत, तेव्हा कोठे जुळाऱ्याला मराठीचे एक पान जुळविता येई.

१८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळे वापरून छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि पुढे स्वतः खिळेही घडविले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षरे सुधारली. त्याच छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागलेला एक गरीब मुलगा म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराच्या साहाय्याने त्यांनी पाडलेली अक्षरे इतकी सुबक व स्वच्छ होती, की मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या छपाईत निर्णयसागरचे नाव देशभर झाले. ती कीर्ती नक्षीकामाची नव्हती, स्पष्टपणाची होती.

आता शिशाचे खिळे मागे पडले आहेत. अक्षरे संगणकात आली आहेत. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी घडविलेले ‘मंगल’ हे देवनागरी वळण घरोघर पोहोचले. पूर्वी अक्षराची निवड जुळारी करी; आज शाळेतला मुलगाही फलक तयार करताना डझनभर वळणांतून हवे ते निवडू शकतो. म्हणजे जुळाऱ्याची जबाबदारी आता प्रत्येकावर आली आहे.

कोणी म्हणेल, नटवे अक्षर नजर वेधून घेते. मग ते वापरण्यात वावगे काय? लग्नपत्रिकेवर ते शोभते, यात शंका नाही. तेथे वाचणाराला सवड असते, आणि एखादे अक्षर अडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. परंतु गाडीवरची पाटी, दवाखान्यातील सूचना, औषधाची चिठ्ठी आणि मुलांचे पाठ्यपुस्तक यांची गोष्ट वेगळी. तेथे नजर वेधणे पुरेसे नाही. अर्थ निमिषात पोहोचला पाहिजे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. अक्षराचा आकार पुरेसा असावा. अक्षरातील पोकळी मोकळी राहावी. शब्दाशब्दांत अंतर असावे. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू नये, इतकी जागा दोन ओळींत सोडावी. रंग पार्श्वभूमीपासून उठून दिसावा.

सराईत वाचक वाईट अक्षरही संदर्भाने लावून घेतो. नवशिक्याला, वृद्धाला, अधू दृष्टीच्या माणसाला ते साधत नाही. म्हणून अक्षराची परीक्षा पंडिताच्या डोळ्यांनी न करता त्यांच्या डोळ्यांनी करावी. शाळेचा सूचनाफलक लिहून झाला, की तो पहिलीच्या मुलाकडून वाचून घ्यावा. तो न अडखळता वाचील, तर फलक चांगला लिहिला गेला असे समजावे.