काटा खोटं बोलतोय की इंजिन?

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरात नोंदवली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३मध्ये बंद झाली. कुर्ल्यात बनलेल्या या गाड्या आता हौशी मालकांकडेच उरल्यात. त्यांच्याबरोबर एक सल्लाही उरलाय: "टेम्परेचरचा काटा वर जातोय? थर्मोस्टॅट काढून टाका!"

माझ्या मते हा लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा प्रकार आहे. आधी काटा खरं बोलतोय का ते बघा ना!

जुन्या गाडीत विजेवर चालणारा काटा असेल तर काम पाच मिनिटांचं. (मीटरमागून बारीक धातूची नळी थेट इंजिनात गेलेली दिसली, तर पुढचं तुमच्यासाठी नाही.) पाणी तापलं की सेन्सरचा रोध कमी होतो. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून सेन्सरची वायर काढा. काटा थंडकडे यायला हवा. नाही आला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. मग तीच वायर क्षणभरच इंजिनच्या धातूला टेकवा. काटा गरमकडे पळायला हवा. पेट्रोलचा काटाही वेड्यासारखा वागत असेल तर दोघांचं सामाईक अर्थिंग तपासा.

हे सगळं ठीक निघालं तर संशयित दोनच: सेन्सर, किंवा खरोखर तापणारं इंजिन. तिथे इन्फ्रारेड थर्मामीटर लावा. इंजिनच तापत असेल तर मे महिन्यात कोपरी पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये हेड गॅस्केट जाईल, आणि ते बिल सेन्सरच्या कितीतरी पट असतं.