मुलगी दमते, तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या काही मुली सकाळी फुटबॉल खेळायला जाऊ लागल्या होत्या. दहा-पंधरा दिवस झाले असतील, एका मुलीची आई तावातावाने आली. म्हणाली, "ताई, पोरीचं पाय लई दुखायलेत. जिना उतरताना रडायली. असला कसला खेळ? उद्यापासून बंद." आदल्या दिवशी मुलींकडून चपळाईचा सराव करून घेतला होता. जमिनीवर ठेवलेल्या खुणांमधून नागमोडी पळायचे, शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचे, वळायचे, पुन्हा सुसाट सुटायचे. मुलींना फार मजा आली होती. दुसऱ्या दिवशी मात्र एकीलाही धड खाली बसता येईना.

आईला समजावताना माझ्या लक्षात आले की, समजावण्यासारखे माझ्याकडेही फारसे काही नाही. पाय का दुखतात, किती दिवस दुखतात, तेव्हा काय करायचे, हे मलाच नीट माहीत नव्हते. मुलींना मैदानावर न्यायचे एवढाच आपला कार्यक्रम. मैदानावरून घरी गेल्यावर त्यांच्या शरीराचे काय होते, याचा विचार आपण केलेला नसतो. म्हणून वाचले, शिकवणाऱ्या मुलींना विचारले, आणि वाटले की हे साऱ्याजणींपुढे मांडावे.

आधी पाय का दुखतात ते पाहू. सरळ पळण्यापेक्षा एकदम थांबण्यात आणि वळण्यात स्नायूंना जास्त मार बसतो. वेगात असलेले शरीर रोखताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू एकीकडे ताणले जात असतात आणि त्याच वेळी आवळून धरत असतात. त्यात स्नायूंच्या धाग्यांना अतिशय बारीक इजा होते. ती भरून येताना थोडी सूज येते, दुखते. हे दुखणे लगेच सुरू होत नाही. बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. पुष्कळजण सांगतात की अंगात आम्ल साठते म्हणून दुखते. तसे नाही. ते सुमारे तासाभरात निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे दुरुस्तीचे काम चालू असल्याचे दुखणे आहे. ही दुरुस्ती पुरी झाली की स्नायू पहिल्यापेक्षा थोडा बळकट होतो. सरावाचा फायदा मैदानावर मिळत नाही, तो नंतरच्या विश्रांतीत मिळतो.

म्हणजे विश्रांती हा सरावाचाच भाग आहे. आणि इथेच आपला, बायकांच्या चळवळीचा, प्रश्न सुरू होतो.

या दुरुस्तीला काय लागते? पुरेशी झोप, वेळेवर अन्न, पाणी, आणि दोन जड सरावांमध्ये एक-दोन दिवसांचे अंतर, ज्यात चालणे किंवा हलका खेळ चालतो. यात महागडे काहीच नाही. पण आपल्या वस्तीतल्या मुलीला यातले काय मिळते ते पाहा. ती सकाळी खेळून येते. तिचा भाऊही कधीकधी खेळून येतो. भाऊ चपला कोपऱ्यात भिरकावतो आणि पसरतो. आई त्याच्यापुढे ताट ठेवते. ती आली की तिच्या हातात घागर नाहीतर झाडू येतो. सोलापूर शहरात वर्षानुवर्षे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आले. पाण्याचा दिवस आणि सरावाचा दिवस एकच आला की सराव बुडतो, पाणी बुडत नाही. पूर्वभागातल्या विडी कामगारांच्या घरात तर शाळेतून आलेली मुलगी आईच्या शेजारी सूप घेऊन बसतेच. हजार विड्यांवर मजुरी ठरते, हजार भरायला घरातले सगळे हात लागतात, आणि घरातले सगळे हात म्हणजे बहुतेक वेळा बायकांचे हात.

हे माझ्या एकटीचे निरीक्षण नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. जवळजवळ पावणेपाच तास एकीकडे, दीड तास दुसरीकडे. या पावणेपाच तासांची तालीम मुलींना लहानपणापासून सुरू होते. ज्या वेळात मुलाचा स्नायू भरून येत असतो, त्या वेळात मुलगी वाकून फरशी पुसत असते. मग महिन्याभराने शिकवणारा म्हणतो, "मुली मागे पडतात." मुली मागे पडत नाहीत. त्या दोन पाळ्या करत असतात.

दुसरी गोष्ट अन्नाची. सरावानंतर स्नायूंना प्रथिने आणि पिष्टमय अन्न लागते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण पाव ते तृतीयांश ग्रॅम प्रथिने एका वेळेला, असा ढोबळ हिशोब आहे. पंचेचाळीस किलोच्या मुलीला तेरा-चौदा ग्रॅम झाले. त्याला डब्यातली पावडर लागत नाही. मूठभर शेंगदाणे, मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, एवढ्यात ते भागते. दोन उकडलेली अंडी आणि भाकरी, तरी भागते. आपल्या जिल्ह्याची ज्वारी, मंगळवेढ्याची ज्वारी तर नाव काढलेली, आणि आपली शेंगाचटणी ही खेळाडूच्या जेवणात अगदी बसते. प्रश्न पदार्थाचा नाही, वाढण्याच्या क्रमाचा आहे. शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरते?

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली सारिका काळे आपल्या परिचयाची आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खो म्हणजे तर पहिल्यापासून शेवटपर्यंत चपळाई. बसणे, उठणे, सुटणे, हुलकावणी, सूर. पुरस्काराच्या वेळी तिने स्वतः सांगितले होते की, घरच्या गरिबीमुळे जवळपास दहा वर्षे ती दिवसातून एकदाच जेवत होती. आपण हे वाचतो आणि "काय जिद्द!" म्हणतो. जिद्द आहेच. पण मला ते वाचून आधी राग आला. ज्या अनेकजणी एका जेवणावर टिकल्या नाहीत, त्यांची नावे कुठे आहेत? एकीच्या उपासाचे कौतुक करून आपण बाकीच्यांची उपासमार झाकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. देशभरात १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के होते. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. ती मुलगी लवकर दमते, सावकाश सावरते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेतून आठवड्याला लोहाची गोळी देण्याची सरकारी योजना २०१३ पासून आहे. ती गोळी मुलीच्या पोटात जाते का, रिकाम्या पोटी मळमळते म्हणून कचऱ्यात जाते का, हे आपण पाहायला हवे. आणि शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे आले, ते जानेवारी २०२५ मध्ये सरकारने निधी थांबवून काढून घेतले, तेव्हा आपल्यापैकी किती गटांनी आवाज उठवला? तेही आपलेच काम होते.

काहीजण म्हणतात, बाईचे शरीरच नाजूक, तिला हे खेळ झेपत नाहीत. हे जुने गाणे आहे. १९२० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला बायकांचा फुटबॉल सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या मैदानांची दारे त्यांना बंद केली. ती उघडायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. तेव्हाही कारण बाईच्या प्रकृतीचेच दिले होते.

खरे असे की, बाईच्या शरीराचा अभ्यासच कमी झाला. २०१४ ते २०२० या काळातल्या क्रीडाविज्ञानाच्या पाच हजारांहून अधिक निबंधांची तपासणी झाली, तेव्हा फक्त स्त्रियांवर केलेले संशोधन ६ टक्के निघाले. पुरुषावर मोजलेले माप आपल्या मुलींना लावले जाते. एकदम वळताना गुडघ्याचा आतला बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी पट असतो, हे मात्र दिसून आले आहे. पण म्हणून खेळ बंद करायचा नाही, तयारी करायची. नॉर्वेत २००७ च्या हंगामात १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक प्रयोग झाला. सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम, ज्यात पळणे, तोल सांभाळणे, मांड्या बळकट करणे आणि उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे, एवढेच. हा व्यायाम केलेल्या मुलींच्या दुखापती सुमारे तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. यंत्र नाही, खर्च नाही. सोलापूरच्या कोणत्याही मोकळ्या जागेत हे करता येईल.

पाळीबद्दलही स्पष्ट बोलू या. पाळीत खेळू नये असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. त्रास होत असेल तर त्या दिवशी कमी खेळावे, नसेल तर खुशाल खेळावे. उलट, भरपूर सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन-तीन महिने आलीच नाही, तर "बरे झाले, कटकट गेली" म्हणू नये. बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो की शरीराला लागते तेवढे अन्न मिळत नाही. अशा मुलीची हाडेही कमजोर होतात. तिला डॉक्टरकडे न्यावे, तिचे ताट वाढवावे.

आता एक आक्षेप. आपल्याच बैठकीत एकजण म्हणाली, "बायका मार खातात, मजुरी मिळत नाही, आणि तुम्ही पायाच्या स्नायूंचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. मी त्याचे उत्तर त्या आईच्याच शब्दांत देते. सगळे समजावून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ते समदं खरं हो ताई. पण आमाला कुणी दिली विश्रांती? माझी मान वीस वर्षं दुखायली."

मला वाटते, सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. दिवसभर मान वाकवून, पाय दुमडून विड्या वळणाऱ्या बाईचाही स्नायूच असतो. त्यालाही दुरुस्तीला वेळ लागतो. तो वेळ तिला कधी मिळाला नाही, म्हणून ते दुखणे तिचा स्वभावच झाले. मुलीच्या विश्रांतीचे बोलणे म्हणजे बाईच्या शरीराला थकण्याचा आणि सावरण्याचा हक्क आहे, हे पहिल्यांदा घरात उच्चारणे आहे. आणि म्हणूनच एक धोकाही सांगते. मुलीची घागर उचलून आईच्या कमरेवर ठेवली, तर आपण काहीच बदलले नाही. ती घागर भावाने आणि बापाने उचलली पाहिजे. मुलगी दमली म्हणून आई जास्त दमणार असेल, तर आई खेळ बंद करील, आणि तिचे चुकले असे मी तरी म्हणणार नाही.

तर करायचे काय? आम्ही आमच्यापुरते असे ठरवले. जड सराव आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस अंतर. सोलापूरच्या उन्हात नऊच्या आत मैदान सोडायचे. सरावानंतर मैदानातच शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि पाणी. घरी नेऊन खा म्हटले तर ते वाटले जाते. ताजी मुरगळ असेल तर चोळायचे नाही, गार पट्टी आणि पाय उंचावर. दुसऱ्या दिवशीचे नुसते अंगदुखीचे पाय असतील तर हलके चालणे, हलका हात फिरवणे. दुखते म्हणून गोळी घेऊन कोणी मैदानात उतरायचे नाही. सांधा सुजला किंवा पाय टेकवेना तर थेट दवाखाना. आणि महिन्यातून एकदा पालकांची बैठक, ज्यात बापांना आणि भावांना बोलवायचेच. पहिल्या बैठकीला दोन बाप आले. दुसऱ्या बैठकीला पाच.

शिवाय सार्वजनिक मागण्या आहेत. मुलींच्या मैदानाजवळ स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी हवे, सरावाच्या मुलींना खाऊ मिळावा यासाठी शाळेच्या आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद हवी, शिकवणाऱ्यांत बाया हव्यात. या मागण्या रेशन आणि मजुरीच्या मागण्यांच्या शेजारीच बसतात.

ती मुलगी परत येते आहे. परवा तिची आई मैदानाच्या कडेला उभी होती. सराव झाल्यावर मुली गवतावर पाय पसरून बसल्या, शेंगदाणे खात, खिदळत. आईने विचारले, "आता काय करायल्यात ह्या?" म्हटले, "विश्रांती." ती थोडी थांबली, इकडेतिकडे पाहिले, आणि पदर सावरून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीतल्या मुली खेळून घरी आल्यावर पहिल्या तासात काय करतात? पुढच्या बैठकीत एवढे एकच विचारून पाहा.