अद्भुताचे मोल

वर्गात 'मंजुघोषा' (१८६८) शिकवताना आम्ही अद्भुताला कादंबरीचे बाल्य म्हणत आलो. रॉबिन हॉब यांची 'असॅसिन्स अप्रेंटिस' (१९९५) वाचल्यावर हे विधान तपासून पाहणे आम्हांला भाग पडले.

युवराजाचा अनौरस मुलगा फिट्झ तबेल्यात वाढतो आणि राजाज्ञेने गुप्तपणे मारेकऱ्याची विद्या शिकतो. मनाने मनाशी संवाद साधणारी राजघराण्याची 'स्किल' ही विद्या तोवर जवळजवळ लुप्त झालेली असते. ती शिकवणारा एकच गुरू उरला आहे, आणि तो या शिष्याचा द्वेष करतो. विद्या हरवते ती शापाने नव्हे, अध्यापनाच्या ऱ्हासाने. आम्हां शिक्षकांना हे झोंबले. फिट्झला उपजत लाभलेली, जनावरांशी मन जोडणारी 'विट' मात्र लज्जास्पद ठरते व लपवावी लागते. लुटारू जहाजांपासून किनारा राखताना त्याचा काका व्हेरिटी 'स्किल'च्या वापराने झिजत जातो.

येथील जादू लेखिकेला पेचातून सोडवत नाही. ती पात्रांकडून मोल वसूल करते. म्हणून अद्भुत म्हणजे पलायन, असे आम्ही यापुढे सरसकट म्हणणार नाही. अद्भुताचे मोल कोण चुकवतो, हा प्रश्न आता 'मंजुघोषे'लाही विचारावा लागेल.